टेबलाखालची काच

मे महिन्यातली दुपार, साडेतीनचा सुमार. वांद्रे-कुर्ला संकुलात एका जुन्या मित्राला भेटायला गेलो होतो. रिक्षातून उतरून इमारतीच्या दारापर्यंत जेमतेम तीन मिनिटांचं चालणं. पण डोक्यावरचं ऊन आणि समोरच्या काचेवर आपटून परत आलेलं ऊन, अशा दुहेरी माऱ्यात शर्ट पाठीला चिकटला. सातव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तेव्हा गार हवेचा झोत अंगावर आला आणि जिवात जीव आला.

मित्राच्या ऑफिसची पश्चिमेकडची अख्खी बाजू जमिनीपासून छतापर्यंत काचेची आहे. मला मात्र ती काच दिसलीच नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत राखाडी रोलर ब्लाइंड खाली ओढलेले होते आणि छतातले एलईडीचे चौकोन झगझगत होते. बाहेर उजेडाचा पूर लोटलेला आणि आत भर दुपारी दिवे लावून पन्नास-साठ माणसं कामाला बसलेली.

ब्लाइंडलगतच्या रांगेत एका मुलाने कीबोर्डशेजारी यूएसबीवर चालणारा टीचभर पंखा लावला होता. मजल्याच्या मधोमध, लिफ्टच्या भिंतीजवळ बसणाऱ्या एक बाई खांद्यावरून शाल लपेटून बसल्या होत्या. "पंखा आणि शाल, आमच्याकडे दोन्ही बारमाही," मित्र म्हणाला. मी ब्लाइंड थोडा बाजूला सारून काचेला हात लावला आणि तसाच मागे घेतला. मग सहज खाली पाहिलं. ब्लाइंड टेबलाच्या पातळीला संपत होता. त्याखाली दोन-सव्वादोन फूट काच उघडीच होती आणि तिथून आलेलं ऊन कचऱ्याची टोपली, वायरींचा गुंता आणि माझे बूट उजळवत होतं.

त्या टेबलाखालच्या काचेने माझा पिच्छा सोडला नाही. तिथून ना कुणाला बाहेरचं काही दिसत होतं, ना तिच्या उजेडात कुणी काही वाचत होतं. आत येत होती ती फक्त उष्णता, आणि ती बाहेर काढायला गच्चीवरची यंत्रं धडधडत होती. पुढचे काही महिने मी एसीवाल्यांकडून, आर्किटेक्ट मित्रांकडून आणि पुस्तकांतून या काचेचा हिशोब समजून घेत राहिलो. तोच इथे मांडतो.

दहा चौरस मीटरचा हिशोब

उन्हात उभी केलेली मोटार आठवा. काच सूर्याचं ऊन आत सोडते, त्या उन्हाने सीट तापते, आणि तापलेली सीट जी उष्णता परत फेकते तिला काच बाहेर जाऊ देत नाही. सूर्याकडून येणाऱ्या लहरी आखूड असतात, तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या लांब असतात, आणि साधी काच पहिल्यांना पारदर्शक तर दुसऱ्यांना जवळपास भिंतीसारखी असते. काचेच्या इमारतीत हेच घडतं. फरक एवढाच, की या मोटारीत माणसं दहा तास बसतात.

काच किती ऊन आत घेते ते सांगणारा एक आकडा असतो. धंद्यात त्याला एसएचजीसी म्हणतात, मराठीत सूर्यउष्णता गुणांक म्हणू. काचेवर शंभर भाग उष्णता पडली आणि त्यातली ८२ भाग आत आली, तर गुणांक ०.८२. सहा मिलिमीटरच्या साध्या पारदर्शक काचेचा गुणांक साधारण एवढाच असतो.

आता एका केबिनची दहा चौरस मीटर काच घ्या, पश्चिमेकडे तोंड केलेली. उन्हाळ्यात दुपार कलल्यावर अशा उभ्या काचेच्या प्रत्येक चौरस मीटरवर ६०० वॉट ऊन पडतं असं धरू. साध्या काचेतून ४,९२० वॉट आत आले. एसीच्या भाषेत एक टन म्हणजे सुमारे ३,५१७ वॉट उष्णता बाहेर काढण्याची ताकद. (हा टन बर्फाचा आहे. चोवीस तासांत एक अमेरिकन टन बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, त्यावरून हे माप आलं.) म्हणजे या एका केबिनच्या फक्त काचेसाठी १.४ टन एसी हवा. त्यात माणसं, संगणक, दिवे अजून धरलेलेच नाहीत.

त्याच जागी ०.२७ गुणांकाची काच बसवली तर आत येतात १,६२० वॉट, म्हणजे अर्ध्या टनाहूनही थोडं कमी. दहा चौरस मीटरमागे जवळजवळ एक टनाची बचत. इमारतीच्या पश्चिम अंगाला अशी दोन हजार चौरस मीटर काच असेल, तर ऐन दुपारी फरक पडतो १८८ टनांचा. तेवढा लहान चिलर, तेवढे बारीक डक्ट, तेवढा कमी वीजजोड. काच निवडणारा माणूस नकळत यंत्रही निवडत असतो.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

यावर बाजारात मिळणारं पहिलं उत्तर असतं, "डबल ग्लास लावा." दोन काचा, मध्ये कोरड्या हवेची किंवा आर्गॉन वायूची पोकळी. धंद्यातलं नाव डीजीयू. उत्तर ऐकायला पटतं, कारण युरोपात तेच चालतं.

पण युरोपचं दुखणं वेगळं आहे. तिथे हिवाळ्यात आत २० अंश आणि बाहेर उणे १० असतात. तीस अंशांच्या फरकाने उष्णता काचेतून झिरपत बाहेर जाते, आणि ते झिरपणं दुहेरी काच जवळपास निम्म्यावर आणते. मुंबईत बाहेर ३४ आणि आत २४. फरक दहाच अंशांचा. आपल्या त्या दहा चौरस मीटर साध्या काचेतून तापमानाच्या फरकामुळे आत झिरपतात जेमतेम ५७० वॉट, आणि थेट उन्हातून येतात ४,९२०. दोन साध्या पारदर्शक काचांच्या डीजीयूचा गुणांकही ०.७ च्या आसपासच राहतो. म्हणजे लहान भोक बुजवलं आणि मोठं तसंच ठेवलं.

आपल्या हवेत दुहेरी काच वाया जाते असं नाही. रस्त्याचा गोंगाट ती अडवते. शिवाय ऊन अडवणारा खरा लेप, ज्याला लो-ई म्हणतात, तो नाजूक असतो आणि दोन काचांच्या मधल्या अंगाला सुरक्षित राहतो. हा लेप म्हणजे चांदीचे काही नॅनोमीटर जाडीचे थर. सूर्याच्या उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. चांगला लेप ती परतवतो आणि दिसणारा उजेड आत सोडतो. स्वस्तातली गडद काच मात्र उजेडही गिळते आणि स्वतः तापून आतल्या माणसाला शेकते. मग उजेडासाठी दिवे लागतात, आणि दिव्यांची उष्णता काढायला पुन्हा एसी.

उन्हाला अडवायचं तर कुठे, हा प्रश्न त्याहून मोठा. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण काच ओलांडून आत आलेल्या उन्हाला. तोवर ते घरचं झालेलं असतं. काच आणि पडदा यांच्यामध्ये कोंडलेली उष्णता शेवटी खोलीतच उतरते. विदर्भातल्या आजीने वाळ्याची ताटी खिडकीबाहेर टांगली, त्यामागे हेच शहाणपण होतं. पाहुण्याला दारातच अडवायचं असतं, दिवाणखान्यात बसवून मग नव्हे.

पॅरिसची चूक, अहमदाबादची दुरुस्ती

हे सगळं जगाला ठाऊक नव्हतं असं नाही. चटका बसून कळलेल्यांत सगळ्यात मोठं नाव वास्तुविशारद ल कॉर्बुझिएचं. १९३३ मध्ये पॅरिसला त्याने साल्व्हेशन आर्मीसाठी निराधारांचं निवासस्थान बांधलं. दक्षिणेकडे काचेची सलग भिंत, न उघडणारी. मूळ कल्पनेत दोन काचा आणि आत यंत्राने गार केलेली हवा होती. पैशाअभावी दुसरी काच गेली, गार हवाही गेली, आणि उन्हाळ्यात आतली माणसं उकडून निघाली. पुढे उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या, आणि महायुद्धानंतर बाहेरून ऊन अडवणाऱ्या काँक्रीटच्या चौकटी.

हाच माणूस १९५०च्या दशकात भारतात आला तेव्हा ऊन अडवूनच आला. अहमदाबादच्या आश्रम रोडवर त्याने गिरणीमालक संघाची इमारत १९५४ मध्ये पूर्ण केली. तिच्या पश्चिम अंगाला काँक्रीटचे उभे पडदे तिरके लावलेले आहेत, म्हणजे मावळतीचं ऊन आत घुसत नाही. पूर्वेला, साबरमतीकडे, तेच पडदे सरळ उभे केलेत, म्हणजे नदीवरचा वारा आत येतो. इमारत एक, पण दोन दिशांना तिचे दोन चेहरे.

जगाने उचलली मात्र अमेरिकेची वाट. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क अॅव्हेन्यूवर मीस व्हॅन डर रोहची सीग्रॅम इमारत उभी राहिली, आणि तपकिरी काच व कांस्याचा तो उभा ठोकळा ऑफिसच्या इमारतीचा देव्हाऱ्यातला नमुना झाला. तिथले पडदे तीनच जागी थांबतील अशी सोय केलेली होती: पूर्ण वर, निम्मे, पूर्ण खाली. माणसं मन मानेल तसे पडदे ओढतील आणि बाहेरून दर्शन बिघडेल, ही मीसला काळजी. पडदे ओढावे लागणार, हे त्यालाही ठाऊक होतं म्हणायचं.

पुढे न्यूयॉर्क शहराने मोठ्या इमारतींना ऊर्जावापर जाहीर करायला लावला. २०१२ मध्ये गुण बाहेर आले तेव्हा शंभरपैकी सीग्रॅमला मिळाले होते ३. तिच्याहून सत्तावीस वर्षांनी जुन्या, दगडी भिंती आणि सुट्या खिडक्यांच्या एम्पायर स्टेटला मिळाले ८०. एम्पायर स्टेटला आधुनिक डागडुजीही लाभली होती, हे खरं. २०१०च्या त्या कामात तिच्या ६,५१४ खिडक्यांच्या जुन्या काचा फेकून न देता इमारतीतच पाचव्या मजल्यावर छोटा कारखाना थाटून नव्याने बांधल्या गेल्या. पण मुळात तिला भिंत होती, म्हणून डागडुजी सोपी होती.

आपला सूर्य

मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात भर दुपारी तो उत्तरेकडे झुकलेला असतो. पुस्तकी नियमाने "उत्तरेला ऊन नाही" म्हणणाऱ्याची इथे फसगत होते. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेला साधारण ४७ अंशांवर असतो.

दक्षिणेचा सूर्य अडवायला सोपा. तो उंचावर असतो, त्यामुळे खिडकीवरचा एक मीटरचा छज्जा मार्च-सप्टेंबरच्या दुपारी जवळजवळ तीन मीटर सावली पाडतो. पश्चिमेचा सूर्य मात्र अवघड. मेमध्ये संध्याकाळी पाच वाजता तो क्षितिजापासून सत्तावीसएक अंशांवर येतो आणि तोच एक मीटरचा छज्जा जेमतेम अर्धा मीटर सावली देतो. तिथे उभे फिन, म्हणजे भिंतीबाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या हव्यात, जाळी हवी, झाड हवं, नाहीतर खिडकीच लहान हवी. चारही अंगांना एकसारखी काच गुंडाळलेली इमारत पाहिली, की समजावं, नकाशा काढताना सूर्याला विचारलेलंच नाही.

एके काळी आपण विचारत होतो. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींच्या खिडक्यांवर जे भुवयांसारखे पट्टे फिरलेले दिसतात, ते छज्जेच आहेत. गोव्याच्या जुन्या घरांत काच दुर्मीळ होती तेव्हा खिडकीच्या लाकडी चौकटीत शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवत. त्यांतून मऊ, दुधी उजेड येई आणि डोळ्यांवर चमक येत नसे. आणि काच मराठी माणसाला परकी नव्हती. लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाने खेडोपाडी रात्री उजळल्या. उजेड द्यायला आलेली काच उजेडच अडवायला लावील, हे त्या कंदिलवाल्यांना खरं वाटलं नसतं.

उंच इमारतीत हे जमत नाही म्हणावं, तर पेडर रोडजवळच्या टेकडीवर चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा उभी आहे. १९८३ची, २८ मजल्यांची. मुंबईत समुद्राचा वारा आणि देखावा दोन्ही पश्चिमेला, पण तिखट ऊन आणि पावसाचा मारही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर घराभोवती व्हरांडा फिरवला होता. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून आकाशात नेला: दोन मजले उंच, खोल कोपऱ्यातल्या बागा, आणि काच त्या सावलीच्या आत. देखावा तसाच राहिला, ऊन तेवढं उंबऱ्याबाहेर थांबलं.

बूट उजळणारी काच

आता त्या टेबलाखालच्या काचेकडे वळू. खिडकीतून येणारा उपयोगी उजेड खोलीत साधारण खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या दीडपट ते दुप्पट आत पोचतो. म्हणजे उजेड किती खोल जाणार हे ठरतं खिडकीच्या वरच्या कडेवरून. टेबलाच्या पातळीखालची काच टेबलावर उजेड पाडूच शकत नाही. ती फक्त ऊन आणते. वरची काच उजेडाची, मधली बघण्याची, खालची निव्वळ बिलाची.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची इमारत ऊर्जा संहिता, ईसीबीसी, हेच आकड्यांत सांगते. २००७ मध्ये ती आली, २०१७ मध्ये सुधारली. १०० किलोवॉट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या व्यावसायिक इमारतींसाठी ती आहे. तिच्या सरळ मार्गाने जायचं तर बाहेरच्या भिंतीत काच ४० टक्क्यांहून जास्त नको, मुंबईसारख्या हवेत उत्तर सोडून इतर दिशांच्या काचेचा गुणांक ०.२७ च्या वर नको, आणि उजेड मात्र किमान २७ टक्के आत यायला हवा. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा: ऊन अडवण्याच्या नावाखाली अंधार विकू नका.

मग शहरभर शंभर टक्के काचा दिसतात त्या कशा? संहितेत दुसरा मार्गही आहे. संगणकावर अख्ख्या इमारतीचा वर्षाचा वीजवापर मांडायचा आणि काचेने वाढलेला वापर कमी वीज खाणारे चिलर आणि दिवे यांनी भरून काढायचा. त्यात गैर काही नाही. पण यंत्र पंधरा-वीस वर्षांनी बदलतं, काचेची भिंत पन्नास वर्षं तिथेच असते.

खरी मेख पैशाची आहे. काच निवडतो बिल्डर, विजेचं बिल भरतो भाडेकरू. विटांच्या भिंतीपेक्षा काचेचा पडदा हलका, पातळ आणि झटपट चढतो, जागा कमी खातो, आणि ब्रोशरमध्ये झळकतो. फिन, छज्जे, जाळ्या यांवर खर्च करणाऱ्याला त्या खर्चाचा परतावा कधीच दिसत नाही. तो दिसतो वर्षानुवर्षं, दुसऱ्याच कुणाच्या खात्यात. मित्राच्या मजल्यावरचा पंखा आणि शाल ही त्या व्यवहाराचीच पावती.

जिथे बांधणारा आणि बिल भरणारा एकच असतो तिथे चित्र पालटतं. हैदराबादजवळ पोचारमच्या संकुलात इन्फोसिसने २०११ मध्ये एक इमारत दोन सारख्या भागांत बांधली. खिडक्या, भिंती, सावल्या दोन्हींकडे सारख्या. एका भागात नेहमीचा एसी, दुसऱ्यात छताच्या स्लॅबमधून गार पाणी फिरवणारी योजना. दुसऱ्या भागाला गारव्यासाठी सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. पण ती मंद योजना चालू शकली याचं कारण आधी भिंत आणि खिडकीने उष्णता आटोक्यात ठेवली होती. पुण्यात हडपसरला सुझलॉनचं वन अर्थ आहे, ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी केलेलं. बुटक्या इमारती, मध्ये चौक, आणि काचेच्या बाहेर अॅल्युमिनियमच्या लूव्हरची सावली. चौकाची कल्पना पुण्याच्या वाड्याला नवी नव्हतीच.

तुमचा हॉल कुठल्या दिशेला?

हे सगळं ऑफिसांपुरतं राहिलेलं नाही. हॉलला छतापासून फरशीपर्यंत फ्रेंच विंडो, बाल्कनी काच लावून आत घेतलेली, आणि मग दीड टनाच्या जागी दोन टनांचा एसी, हे आता आपल्या सोसायट्यांतही नित्याचं आहे. घरांसाठी २०१८ मध्ये इको निवास संहिता आली आहे. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची सरासरी दर चौरस मीटरला १५ वॉटच्या आत असावी, असं ती सांगते. सॅम्पल फ्लॅटमध्ये हा आकडा कुणी सांगत नाही, कारण तो कुणी विचारत नाही.

जुन्या घरात राहणाऱ्याने पश्चिमेच्या खिडकीवर आतल्या जाड पडद्याआधी बाहेर बांबूची चिक किंवा ताटी टांगावी. बाल्कनी काचेने बंद करण्याआधी दोनदा विचार करावा, कारण ती बाल्कनीच तुमच्या हॉलचा छज्जा आहे. नवं घर घेणाऱ्याने मोबाइलवरचं होकायंत्र काढून हॉलचं तोंड बघावं. पश्चिमेला असेल तर दुपारी चारनंतर फ्लॅट बघायला जावं, सकाळी अकराला नव्हे. आणि बिल्डरच्या माणसाला दोन प्रश्न विचारावेत: या काचेचा एसएचजीसी किती, आणि हिच्यावर सावली कशाची?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर काच बनवणाऱ्या कंपनीच्या कागदावर छापलेलं असतं. दुसऱ्याचं उत्तर खिडकीतून वर मान करून पाहिलं की मिळतं.